औषधाने मरणारे, तरीही नाकात जगणारे जंतू

मावशींच्या फाइलमधल्या कल्चरच्या (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) प्रत्येक रिपोर्टवर एकच शेरा होता: जंतूंची वाढ आढळली नाही. आणि दुर्बिणीतून पाहिलं, तर गालामागच्या सायनसमध्ये पू दिसत होता.

मावशींचं मिरची-मसाल्याचं कांडप. सायनसचं ऑपरेशन आधी एकदा झालेलं, तेही व्यवस्थित. सायनसचं तोंड चांगलं मोकळं होतं. अँटिबायोटिक सुरू असेपर्यंत बरं वाटायचं, कोर्स संपला की पुन्हा नाक चोंदायचं, घशात पू उतरायचा. वास तर गेलाच होता. मसाला करपला का, हे सुनेला विचारावं लागायचं. "डॉक्टर, जंतूच नाहीत म्हणतात, मग हे येतंय कुठून?" त्यांचा हा प्रश्न अगदी बरोबर होता.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सायनसच्या तळाशी, अस्तरावर साय धरावी तसा चिकट थर होता. सक्शनने तो सहज निघेना. स्वॅबसोबत मी अस्तराचा छोटा तुकडाही सलाइनमध्ये घालून आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमकडे पाठवला आणि बायोफिल्मची, म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती केलेल्या चिकट थराची, शंका फोनवर सांगितली. त्यांनी तुकडा बारीक केला, जोरात घुसळला आणि मगच प्लेटवर लावला.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला लॅबमध्येच बोलावलं. स्वॅबची प्लेट कोरी होती. तुकड्याच्या प्लेटवर मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियस भरघोस उगवलेला. त्याच तुकड्याच्या स्लाइडवर अस्तराला चिकटून गोल, जांभळ्या जंतूंचे पुंजके. पण मी थक्क झालो ते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू कोणत्या औषधाने मरतो याची तपासणी, पाहून. मावशींनी आजवर घेतलेल्या बहुतेक औषधांनी हा जंतू प्लेटवर मरत होता!

नाकात मात्र तो मरत नव्हता, कारण तिथे तो एकेकटा नव्हता. हे जंतू अस्तराला चिकटतात आणि शर्करा, प्रथिनं, डीएनए यांचा चिकट थर स्वतःभोवती तयार करतात. आतल्या जंतूंची वाढ मंदावते, काही जवळजवळ निद्रिस्तच होतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तर वाढणाऱ्या जंतूंवरच चालतात. गोळ्यांनी सुटे जंतू मरतात, म्हणून रुग्णाला बरं वाटतं. थर तसाच राहतो आणि त्यातून नवे जंतू सुटत राहतात. स्वॅबवर यायचे ते मुख्यतः सुटेच. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन यांनी जंतूंच्या या चिकटून राहण्याबद्दल 1978 मध्येच लिहिलं होतं. सायनसच्या जुनाट आजारात बायोफिल्म दिसल्याचे अहवाल 2004 च्या सुमारास येऊ लागले. निरोगी नाकातही कधीकधी ती सापडते, त्यामुळे सगळा दोष तिच्यावर टाकता येत नाही. शरीर तिला कसा प्रतिसाद देतं, यावरही बरंच अवलंबून असतं. पण "रिपोर्ट निल आहे, आणखी एक कोर्स घ्या" हे मला आता पटत नाही.

मावशींना मी सांगितलं, की हा थर गोळ्यांनी विरघळणार नाही, तो धुवावा लागेल. रोज दोनदा, उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी घालून, बाटलीने दोन्ही नाकपुड्या भरपूर धुवायच्या. नळाचं कच्चं पाणी अजिबात नाही. सुरुवातीला त्यातच स्टेरॉइडचं औषध. कांडपावर मास्क लावायचा.

त्यानंतरच्या तपासणीत उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या सायनसच्या कोपऱ्यात थोडी खपली पुन्हा धरली होती. ती ओपीडीतच काढली, धुणं तसंच चालू ठेवायला सांगितलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.