याकुझा झिरो, आज शेवटी संपवला

रविवार सगळा याकुझा झिरो या व्हिडिओ गेममध्ये गेला आणि आत्ता रात्री संपला, डोक्यातून जातच नाहीये. १९८८ चं जपान, जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले, आणि टोकियोतल्या एका इवल्याशा मोकळ्या प्लॉटसाठी अख्खी टोळी एकमेकांच्या जिवावर उठलेली. नकाशा लहानच आहे, गेममधलं कामुरोचो म्हणजे टोकियोतल्या खऱ्या काबुकिचो भागावरून उभं केलेलं आणि ओसाकाच्या दोतोनबोरीवरून सोतेनबोरी, पण गल्ली न गल्ली पाठ होते, मोठमोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये (जिथे नकाशाभर मोकळं फिरता येतं) हे मला कधीच मिळालं नाही.

आणि साइड स्टोऱ्या! एका पोराचा नवाकोरा व्हिडिओ गेम कोणीतरी हिसकावतो, त्या चोराकडून दुसरा, मग तिसरा, आणि शोधत शोधत आपला हिरो किर्यू ज्या माणसापर्यंत पोचतो तो त्या पोराचाच बाप निघतो, पोराला द्यायलाच चोरलेला. मी थोडा वेळ कंट्रोलर खालीच ठेवला खरंच.

आता जे खटकलं ते पण सांगतो. दर चार पावलांवर गुंड आडवे येतात, नंतर नंतर कंटाळा येतो राव. अरुंद गल्लीत कॅमेरा भिंतीत घुसतो, शत्रू दिसतच नाही. सेव्ह करायला फोन बूथ शोधत फिरायचं. बायकांना तर कथेत फारच कमी वाव, माकोतोसारखं पात्र सुद्धा बराच वेळ दुसऱ्यांनी वाचवायचं म्हणूनच आहे, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तरी दुसरा हिरो माजिमाची एंट्री एकदा बघाच. कोणी खेळलंय का, याच मालिकेतला पुढचा गेम किवामी लगेच घेऊ का?