उणे अठरावरची बेगमी

गुरुवारी दुपारी लाईट गेली. पुण्यात गुरुवारी लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. पण चारला येणारी साडेपाचलाही आली नाही, तेव्हा मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. उघडायला नाही, दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धवट भरलेला जेमतेम एक. आमचा अर्धवट कधी नसतोच. तेवढ्यात नवरा रिकामा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "जरा बर्फ काढतेस का?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो ग्लास घेऊन बागेत गेला.

बागेत, म्हणजे जिथून हे सगळं सुरू होतं तिथे. तळमजल्याचा फ्लॅट घेतला तोच मुळी मागच्या मातीच्या पट्ट्यासाठी. निवृत्तीनंतर त्याने तिथे शेती मांडली आहे. कोपऱ्यात जीवामृताचा ड्रम, त्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन. यातलं गूळ आणि बेसन कुठून येतं ते मी डबे उघडते तेव्हा मला कळतं. वांग्याची रोपं रोपवाटिकेत सुटी मिळत नाहीत, पूर्ण ट्रेच घ्यावा लागतो, असं तो सांगतो. सुटी मिळतात. मी विचारलंय.

बाजारातून भाजी आणणाऱ्या बाईला एक गोष्ट कळत नाही, ती बागवाल्याच्या बायकोला कळते. बागेला पगार माहीत नाही, तिला फक्त बोनस माहीत आहे. नोव्हेंबरभर आपण एकेक टोमॅटो कौतुकाने कापायचा, आणि जानेवारी लागला की टोपली, घमेलं, शेवटी धुण्याची बादली. मेथी आली की सगळी एकदम कोवळी, आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की सगळी एकदम फुलावर. वालपापडीचा वेल कुंपणावरून पलीकडच्या पार्किंगमध्ये उतरला आहे आणि तिथल्या एका स्कूटरला शेंगा लागल्या आहेत असं लांबून वाटतं. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार?

म्हणून फ्रीजर. यात आता माझा हात बसला आहे. वालपापडीच्या शिरा काढायच्या, मोडायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या आणि घड्याळ बघायचं. तीन मिनिटं. मटाराचे दाणे असतील तर दीड-दोन. पाण्यात पडल्यावर शेंगेचा हिरवा क्षणभर उजळतो, बाहेर कधीच नसतो इतका. तिथेच उपसून बर्फाच्या पाण्यात. उकळीने भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, निकामी होतात, नाहीतर ती थंडीतही हळूहळू आपलं काम करत राहतात आणि दोन महिन्यांनी हातात गवताच्या वासाचं काहीतरी येतं. मग पंचावर पसरून कोरडं करायचं. हे कोरडं करणं लोक टाळतात आणि मग शेंगांची वीट झाली म्हणून रडतात. ताटात सुटं पसरून आधी गोठवायचं, नंतर पिशवीत भरायचं, म्हणजे लागेल तेवढं मूठभर निघतं.

टोमॅटोला एवढाही मान नाही. धुवायचा, पुसायचा, अख्खाच्या अख्खा पिशवीत. बाहेर काढून नळाखाली धरला की साल आपोआप पायातून मोजा निघावा तशी हातात येते. कच्चा खायच्या कामाचा तो उरत नाही, पण सार, रस्सा, भाजी सगळं होतं. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती, तेव्हा मी रोज टोमॅटोचं सार करत होते. गरज नव्हती. पण मंडईतून तोंड पाडून आलेल्या मैत्रिणींना "बस, सार घेऊन जा" म्हणण्यात जे सुख होतं ते नुसत्या सारात नव्हतं.

वांग्याने मात्र पुष्कळ छळलं. कच्चं ठेवलं तर काळं पडतं, भरली वांगी करून ठेवली तर मसाला एकीकडे आणि लगदा दुसरीकडे. लगद्याचं कारण नंतर कळलं. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, आणि सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशी फोडून टाकतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन गृहस्थाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅनडातल्या लॅब्राडोरला हे पाहिलं. तिथले इनुइट लोक मासा पकडायचे तो वाऱ्यात तिथल्या तिथे दगड व्हायचा आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागायचा, कारण झटक्यात गोठल्यामुळे स्फटिकांना मोठं व्हायला वेळच मिळत नव्हता. त्यावर त्याने यंत्रं बनवली आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेल्या मटाराची पाकिटं दुकानात आली. आमच्या स्वयंपाकघरात लॅब्राडोरचा वारा नाही. त्यामुळे वांगं भाजायचं, सोलायचं, कुस्करायचं आणि भरताचा गर ठेवायचा. जे आधीच मोडलेलं आहे ते बर्फ आणखी काय मोडणार. बटाट्याच्या फोडी रश्शात तशाच ठेवू नयेत, त्या स्पंज होतात. काकडीबद्दल बोलूच नका.

आणि अळू. पावसाळ्यातल्या अळूवड्यांचे उंडे ही माझ्या फ्रीजरमधली खरी माया. काळ्या देठाची पानं, पाठीवरच्या शिरा लाटण्याने दाबून सपाट केलेल्या, चिंच-गुळाचं पीठ, घट्ट गुंडाळी, वाफ. पूर्ण गार झाल्याशिवाय बांधायचा नाही. काढल्यावर पूर्ण वितळूही द्यायचा नाही. अर्धवट कडक असतानाच सुरी चालवली तर अशा वड्या पडतात की पानाचा एकेक पदर मोजून घ्यावा. ताज्या उंड्याच्याही इतक्या देखण्या पडत नाहीत, हे आजी असती तर तिच्यासमोर बोलले नसते.

आजी रोह्याजवळच्या गावात राहायची. तिच्याकडे फ्रीज नव्हता, पण अगोट होती, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायची बेगमी. मे महिन्यात अंगणात, खळ्यात, पत्र्यावर, जिथे ऊन पडेल तिथे काहीतरी वाळत पडलेलं. कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या मिरच्या, आमसुलं, फणसाच्या आठळ्या मातीत पुरलेल्या. कडवे वाल तर भाताच्या मागोमाग त्याच ओलीवर व्हायचे, डबे भरून राहायचे आणि पावसाळाभर भिजायचे, मोड यायचे, सोलले जायचे. रात्री जेवणं झाली की परातीभोवती सगळ्यांनी बसून डाळिंब्या सोलायच्या. बोटांची टोकं सुरकुतायची. दाणा मोडला की आजी काही बोलायची नाही, फक्त तो उचलून तुमच्या समोर वेगळा ठेवायची. थोड्या वेळाने तुमच्यासमोर तुमच्या पापांचा एक ढीग तयार व्हायचा.

पण वाळवता न येणाऱ्या गोष्टींचं काय? श्रावण-भाद्रपदात मांडवावर शिराळी, पडवळ, दुधी लोंबायला लागायचे. पडवळ सरळ यावं म्हणून टोकाला दगड बांधलेले. त्यांचं आजी एकच करायची. वाटायची. आणि ते वाटण्याचं काम सुट्टीला गेलेल्या आम्हा पोरांकडे. गौरी-गणपतीत मी एका हाताने फ्रॉक सावरत आणि दुसऱ्या हाताने दुधी कडेवर धरून किती घरं फिरले असेन. "आजीने दिलाय. घरचा आहे." एवढंच बोलायचं, उंबऱ्याच्या आत जायचं नाही, गूळ-खोबरं दिलं तर घ्यायचं. भांड्यातून काही दिलं असेल तर भांडं रिकामं परत येत नसे. कुणी तांदूळ घालायचं, कुणी जास्वंदीची दोन फुलं. साखरेची चिमूट तरी असायचीच.

अलीकडे हे सगळं फार गोड करून सांगितलं जातं, आणि मीही सांगत आले आहे, की फ्रीज आले आणि शेजार गेला. पूर्वी जास्तीचं शेजारी जायचं, आता फ्रीजरच्या उणे अठरा अंशांत जातं. ऐकायला बरं वाटतं, लोक माना डोलावतात. पण त्या गुरुवारी फ्रीजच्या दाराशी बसल्या बसल्या मला त्या शेजाऱ्यांचे चेहरे आठवले. श्रावणाच्या शेवटी शेवटी मला लांबून येताना बघून मधल्या आळीतल्या काकू घाईघाईने मागच्या दाराने विहिरीवर जायच्या. एका घरी तर आजोबांनी माझ्या हातातला दुधी घेतला, आत नेला, आणि बाहेर येताना दुसरा दुधी माझ्या हातात दिला. "आजीला सांग, आमच्याकडचा आहे." तो आमच्यापेक्षा मोठा होता. आजीने तो विळीवर घेतला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. प्रत्येकाच्या मांडवावर तेच लोंबत होतं हो. वाटणं कसलं, ती सक्ती होती. फ्रीजर असता तर त्या काकूंनी नारळ फोडला असता त्याच्यापुढे.

आजीला मात्र फ्रीजर पटला नसता. शिळं म्हणाली असती. तिच्या लेखी काल शिजलेलं ते शिळं, मग तुम्ही ते हिमालयात ठेवा. शिळं ठरवून खायचा एकच दिवस, श्रावणातली शितळा सप्तमी. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचंच जेवायचं. बाकी वर्षभर शिळं खायचं ते लपूनछपून, आणि लपवायची युक्ती तिच्याकडे होतीच. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळा भात, त्यावर मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, की तो पदार्थ नव्याने जन्माला यायचा आणि मुलं दुसऱ्यांदा मागायची.

ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली आहे. फ्रीजरमध्ये ठेवायच्या कुठल्याही भाजीला मी फोडणी देत नाही. शिजवायची, मीठ थोडं कमी, आणि बंद. फोडणी बाहेर आल्यावर. गोठलेल्या फोडणीचा वास मला चालत नाही. हिंगाचा दम जातो आणि लसूण उगाच पुढे पुढे करतो. नवऱ्याला यातला फरक कळत नाही. "भाजी ती भाजी," असं तो म्हणतो, आणि हे बोलणारा माणूस मातीचा सामू, म्हणजे पीएच, मोजायचं यंत्र घेऊन फिरतो. असो. माझ्या घरात डाळिंब्यांची उसळ फ्रीजरमधून निघाली तरी तिच्यावर समोर फोडणी पडते, वर ओलं खोबरं पडतं, आणि ताटात ती आजची असते. खोबरंही फ्रीजरमधलंच असतं, ती गोष्ट वेगळी.

आता आमच्या इमारतीत मी दुधी घेऊन फिरत नाही. एकदा ग्रुपवर "घरची वांगी आहेत, हवी असतील तर सांगा" असं टाकलं होतं. हात जोडलेले, फुलं दिलेले, अंगठे दाखवलेले पुष्कळ आले. वांगी न्यायला कुणी आलं नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली तेव्हा खरं बोलली. "काकू, भाजी नको. निवडायला, चिरायला वेळच नसतो. रात्री नऊला येतो आम्ही." मग थोडी घुटमळून म्हणाली, "ते तुम्ही मागे दिले होते ना, अळूवडीचे गोठवलेले रोल, तसं काही असेल तर..."

म्हणजे पानं नकोत, उंडा चालेल. मला याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला वेळ नाही आणि माझ्याकडे तोच वाफ्यावर उतू चालला आहे. तेव्हापासून भरताचा गर, मेथीच्या मुटक्या, वाफवलेले मटार असं वर जात असतं.

खरं सांगायचं तर त्यात माझीही सोय आहे. मी अजून पाकिटं चार माणसांच्या अंदाजाने बांधते. मुलगा बंगळुरूला, मुलगी तिच्या घरी, हे मला माहीत आहे; मुठीला माहीत नाही. पाकीट एकदा वितळलं की ते परत गोठवायचं नसतं, म्हणून मग दोघं दोन दिवस तेच खातो आणि दुसऱ्या दिवशी फोडणी जरा जास्त तडतडते. लहान पिशव्या आणायच्या असं दरवेळी ठरतं. दुकानात गेल्यावर मी मोठ्याच उचलते. लहान पिशव्या हातात घेतल्या की काय होतं कोण जाणे, परत ठेवते.

लाईट साडेसहाला आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी उगाच धास्तीने मी उसळीचं एक पाकीट काढलं आणि त्यातलं अर्धं वर दिलं, स्टीलच्या कडीच्या डब्यातून. तो डबा अजून आलेला नाही. मागायला जायचं तर हात हलवत कसं जायचं, आणि सध्या घरात फक्त वांगी आहेत.