पियानो रियाजाची नोंद: बी मेजर, अनामिका आणि बाखचं पहिलं इन्व्हेन्शन

या टप्प्यात नवं काही हाती घेतलेलं नाही. बी मेजर स्केल (बी या सुरापासून चढत जाणारी सुरांची माळ) आणि संगीतकार बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्सपैकी, म्हणजे दोन हात दोन स्वतंत्र सुरावटी वाजवतात अशा छोट्या रचनांपैकी पहिलं, एवढ्यावरच रियाज चालू आहे. काम दिसायला थोडं आहे, पण हातात जो फरक पडलाय तो आधी कधी इतका स्पष्ट जाणवला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी स्केल. सगळे सी मेजरपासून सुरू करतात, कारण ती वाचायला सोपी. हाताला मात्र ती अवघड आहे. सगळ्या पट्ट्या एकाच पातळीवर, त्यामुळे अंगठ्याला बोटांखालून जायला जागाच मिळत नाही. पियानोवादक-संगीतकार शोपॅं आपल्या विद्यार्थ्यांना बी मेजर आधी द्यायचा, आणि त्यामागचं कारण पट्ट्यांवर हात ठेवला की लगेच कळतं. पाचही काळ्या पट्ट्या या स्केलमध्ये येतात, लांब बोटं त्यांच्यावर आपोआप विसावतात. पांढऱ्या फक्त दोन, बी आणि ई, आणि दोन्हींवर अंगठा. बोटं उंचावर असल्यामुळे खाली मोकळी जागा राहते.

माझं सगळं लक्ष सध्या त्या अंगठ्याच्या प्रवासावर आहे. उजव्या हाताने वर जाताना तर्जनी सी शार्पवर (सी च्या लगतच्या उजव्या काळ्या पट्टीवर) उतरली की त्याच क्षणी अंगठा ई च्या दिशेने निघायला हवा. मधलं बोट डी शार्प वाजवत असताना तो ई च्या वर पोचलेला असतो, उतरायचं तेवढं बाकी. अंगठा आयत्या वेळी धावला तर कोपर बाहेर फेकलं जातं, मनगट खाली बसतं आणि ई चा सूर ठणकन वाजतो. स्केलमध्ये एक सूर मध्येच उसळत असेल तर बोटाचा जोर तपासण्याआधी अंगठा कधी निघाला ते बघावं. त्याच वेळी पूर्ण हात आडवा सरकत राहायला हवा. वेग वाढत जातो तसा अंगठ्याचा वाटा कमी होतो आणि हाताच्या सरकण्याचा वाढतो.

आणि इथेच सावकाश रियाजाचा खरा प्रश्न येतो. सावकाश वाजवा, हे आपण सगळेच ऐकत आलोय. पण सावकाश वाजवताना हात कसाही फिरवला तरी निभावून जातं. मनगट आखडलेलं असो, अंगठा उशिरा निघो, दोन सुरांमध्ये भरपूर वेळ असल्यामुळे सूर बरोबरच लागतात. मग तीच हालचाल हातात बसते आणि ठराविक वेगाच्या पुढे हात जाईनासा होतो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) रोज थोडा पुढे ढकलून ही भिंत पडत नाही. कमी लयीतसुद्धा हालचाल तीच हवी जी पुढे वेगात लागणार आहे, फक्त दोन हालचालींमधली विश्रांती लांबलेली. त्यामुळे मी मिनिटाला 40 ठोक्यांवर वाजवतानाही अंगठा वेळेवर निघाला का, सूर लागल्यावर दंड सैल पडला का, एवढंच बघते.

सैल पडण्याचं कारण पियानोच्या आतच आहे. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याने 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये जी यंत्रणा बनवली तिचं मर्म असं की हातोडी तारेवर आदळण्याच्या जरा आधी पट्टीपासून सुटते. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि हातोडीला किती वेग मिळाला यावर आवाज ठरतो. एकदा ती सुटली की वरून कितीही दाबा, सुरात काडीचा फरक पडत नाही. तळाशी दाबून धरलेला जोर फक्त आपल्या हातात साठत जातो. पट्टी खाली राहील एवढंच वजन ठेवून बाकी सगळं सोडून द्यायचं, ही सवय मला या टप्प्यातली सगळ्यात मोलाची वाटते.

आता इन्व्हेन्शन. अवघे 22 बार (ठोक्यांचे ठराविक गट) आहेत, आणि पहिल्या अर्ध्या बारमध्येच मूळ कल्पना पूर्ण मांडलेली आहे: सी डी ई एफ डी ई सी, आणि उडी मारून जी. अर्ध्या बारनंतर डावा हात तेच एक सप्तक खाली म्हणतो. 1723 च्या प्रतीच्या मुखपृष्ठावर बाखने दोन आवाज स्वच्छ वाजवणं आणि वादनात गाण्याचा गुण येणं, हे दोन्ही हेतू नोंदवलेत.

उजव्या हातात 1 2 3 4 2 3 1 असं फिंगरिंग घेतलंय (कोणता सूर कोणत्या बोटाने; अंगठा 1, करंगळी 5). म्हणजे एफ अनामिकेवर. डाव्यात करंगळीपासून सुरुवात, त्यामुळे डी दोन्ही वेळा अनामिकेवर येतो. अनामिका दुबळी आहे म्हणून तिला वेगळं उचलून उचलून बळकट करायचे व्यायाम सर्रास सांगितले जातात. मला ते पटत नाहीत. बोटं उचलणारे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात, आणि अनामिकेला उचलणारी कंडरा (स्नायूची दोरी) हाताच्या मागच्या बाजूला शेजारच्या कंडरांशी जोडलेली असते. ती एकटी उंच उचलली जात नाही ती त्यामुळे. तिला ताणण्याऐवजी मनगट केसभर बाजूला नेऊन कोपरापुढचा हात तिच्या रेषेत आणला की एफ बाकीच्या सुरांइतकाच भरून वाजतो. दुखेपर्यंत व्यायाम करणाऱ्यांनी संगीतकार शुमान आठवावा. ऐन तरुणपणी त्याचा उजवा हात अधू झाला आणि वादक म्हणून कारकीर्द संपली. नेमकं कशामुळे, यावर अजून एकमत नाही, पण दुखायला लागलं की थांबायचं यात माझ्यापुरती तडजोड नाही.

रियाजाचे तुकडे लहान ठेवलेत: अर्धा बार, आणि पुढच्या तुकड्याचा पहिला सूर. तो पुढचा सूर धरल्याशिवाय जोड पक्का होत नाही. डावा हात एकटा वाजवून वरचा आवाज तोंडाने म्हणते. हे करून बघाच. गळ्यातून आवाज निघाला की डावा हात कुठे आखडतोय ते लगेच उघडं पडतं. एखादा तुकडा रात्री अडला तर मी तो ओढत नाही, तसाच सोडते. दुसऱ्या दिवशी तो बऱ्याचदा नीट येतो. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे संशोधनातही दिसून आलंय.

सध्या पहिले सहा बार 60 वर दोन्ही हातांनी सैल वाजतात. पुढचं काम पहिल्या बारमधल्या बी वरच्या मॉर्डंटचं (सूर, त्याच्या खालचा सूर आणि परत तोच सूर, अशी झटपट सजावट). मधलं बोट आणि तर्जनी घेऊन तो एकटा छान येतो, पण त्याच ठोक्यावर डावा हात एफ डी ई सी म्हणत असतो आणि तिथे दोन्ही मनगटं एकदम घट्ट होतात. म्हणून आधी मॉर्डंट गाळून साधा बी, मग तो फक्त शेवटच्या फेरीत. या जागेसाठी कुणी वेगळं फिंगरिंग वापरत असाल तर जरूर कळवा.