ताप शॉवरमधून आला

मुंबईतल्या एका संस्थेच्या अतिथिगृहाची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आठवड्याभरात दोन पाहुण्यांना न्यूमोनिया झाला. दोघेही तिसऱ्या मजल्यावरचे. लघवीच्या तपासणीत लिजिओनेला या जंतूचा संसर्ग निघाला. ऑफिसने पहिलं काम काय केलं, तर बाटलीबंद पाण्याचे खोके मागवले! हा जंतू शरीरात जातो तो बहुतेकदा श्वासातून, पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथल्या साथीमुळे त्याला हे नाव पडलं.

शॉवर बंद केले, बादली-तांब्या दिले. पाहुणे कुरकुरले.

नमुने घ्यायला आलेल्या मुलासमोर मी सवयीने नळ सोडायला गेलो, तर त्याने माझा हातच धरला. "पहिलंच पाणी हवंय, साहेब." रिपोर्टला दहा-बारा दिवस लागणार होते, कारण हा जंतू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो.

तेवढ्यात प्लंबरकाकांनी शॉवरची चाळणी उघडली. आत क्षारांचा पांढरा थर आणि त्याखाली काळपट, बुळबुळीत साय. मग बॉयलर पाहिला. काटा ४५ अंशांवर. वीजबिल वाचवायला तो मीच खाली आणला होता. हा जंतू २० ते ४५ अंशांत पोसतो, ६० च्या वर टिकत नाही. गार पाणी २० च्या खाली ठेवा, असं नियमावल्या सांगतात. मुंबईतल्या गच्चीवरच्या टाकीला हे कोण समजावणार?

खरी गोम फॉल्स सीलिंगच्या वर होती. मोडलेल्या पॅन्ट्रीकडे जाणारी आठेक फूट लाईन, टोकाला नुसती एंड कॅप. चार वर्षं पाणी आत साचून, आणि साचलेल्या पाण्यात हा जंतू फोफावतो. "नंतर काढू" म्हणणाराही मीच. काकांनी ती थेट टी-पासून, म्हणजे मुख्य लाईनला जिथे जोडली होती त्या जोडापासून, कापली.

रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच वाईट आला. टाक्या उपसून घासल्या, क्लोरीन मारलं. मग मजला रिकामा करून, कुणी भाजू नये म्हणून खोल्यांना कुलपं लावून, बॉयलर ७० वर नेला. दोन रात्री मास्क लावून एकेक नळ सोडायचा आणि थर्मामीटर धरून ६० च्या वरचं पाणी वाहतंय ना, ते बघायचं. पुढचे दोन्ही नमुने स्वच्छ आले.

आता दर सोमवारी रिकाम्या खोल्यांचे नळ पाच मिनिटं सोडतो आणि रजिस्टरवर सही करतो. पाणी वाया जातं म्हणून काकांचा जीव तुटतो, म्हणून खाली बादल्या ठेवतो. जिने त्याच पाण्याने पुसले जातात.