फिल्टर घेण्याआधी रिव्ह्यू कसे पारखले

घरी पाण्याचा फिल्टर घ्यायचं ठरलं तेव्हा 'सर्वोत्तम दहा आरओ' अशा याद्या वाचायला बसले. सगळीकडे तीच मॉडेलं, कंपनीने दिलेले तेच फोटो, आणि तोट्यांच्या रकान्यात 'किंमत थोडी जास्त' एवढंच. मशीन कुणी घरी लावून पाहिल्याचा मागमूस नाही. कँडल कधी बदलायची, वर्षाचा सर्व्हिसचा खर्च किती, यावर चकार शब्द नाही.

मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुमच्याकडे पाणी कुठलं येतं, हे एकाही यादीने विचारलं नव्हतं! आरओ फिल्टर बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढतो; त्याची गरज असते ती क्षार जास्त असलेल्या पाण्याला, बहुतेकदा बोअरच्या. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमचं पाणी महापालिकेचं, धरणातलं. मीटर आणून मोजलं तर टीडीएस शंभराच्या आसपास. अशा पाण्याला आरओ लावला की कामाचे क्षारही जातात, आणि एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं ते वेगळंच. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. याद्यांमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

मग 'हे घेऊ नका' असं कोण सांगतं, तेच शोधायला लागले. एका साइटवर पहिल्याच परिच्छेदात होतं: आधी टीडीएस मोजा, कमी असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याने जंतू मारणारा फिल्टर, पुरे. कमिशनच्या लिंक, म्हणजे ज्यांवरून खरेदी केली की साइटला पैसे मिळतात त्या, तिथेही होत्या, पण तसं वरच ठळक लिहिलेलं. त्याला माझी हरकत नाही. मेहनतीने तपासणाऱ्यालाही पोट आहे. विक्रेत्याशी असलेला संबंध उघड करावा, असं केंद्राची २०२२ ची जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. बाकीच्या साइटवर लिंकवर बोट दाबून धरलं की लांबलचक पत्त्यात 'टॅग', म्हणजे कमिशनची खूण, दिसायचा, पानावर मात्र कुठेच कबुली नाही. त्या तिथेच बंद केल्या.

शेवटी यूव्ही घेतला. त्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून दिव्याची आणि कँडलची किंमत विचारून घेतली. नणंदेकडे बोअरचं पाणी आहे, तिच्यासाठी आता आरओच शोधतेय.