बारीक सेल

रविवारी दुपारी टीव्हीचा रिमोट गेला. आधी तळहातावर आपटून पाहिला, मग मागचं झाकण काढून सेल जागच्या जागी फिरवले. हा इलाज कुठल्या पुस्तकात नाही, तरी दहातल्या सात वेळा चालतो. या खेपेला चालला नाही.

"ऑक्सिमीटरमध्ये असतील बघ," बायको आतून म्हणाली.

औषधांच्या डब्यात, मुदत संपलेल्या खोकल्याच्या बाटलीखाली तो पडला होता. सेल काढण्याआधी सवयीने बोट घातलं. प्राणवायू 98, ठोके 74. नखाभोवतीची कड लाल झाली.

हा लाल रंग फार जुना. आजोळी दिवे गेले की मामेभाऊ बॅटरी तळहाताखाली धरायचा आणि बोटांच्या फटी निखाऱ्यासारख्या पेटायच्या. "हाडं दिसतायत बघ," तो म्हणायचा. मीही दिसतात म्हणायचो. खरं तर हाडबिड काही दिसत नसे, उजेड आत जाऊन सगळीकडे पसरलेला असे. पण नाही म्हटलं तर बॅटरी आपल्या हातात यायची नाही. मग स्वयंपाकघरातून आजी ओरडायची, "सेल संपतील मेल्यांनो!"

पुढे मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शरीरशास्त्र आलं आणि आमची वर्गभर त्रेधा उडाली. सोल्डरिंग करणाऱ्या पोरांना यकृत शिकवायचं म्हणजे काय! आम्ही त्यातून वाट काढली. हृदयातली ती एसए नोड, जिथून ठोका सुटतो, ती म्हणजे ऑसिलेटर, ठेका धरणारं सर्किट. तो ठोका खाली सोडणारी एव्ही नोड म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा डिले. इथवर सगळे खूश. पण प्लीहेला वायर लावायची कुठे? जो अवयव सिग्नल देत नाही तो ऑप्शनला टाकायचा, असा अलिखित नियम होता. प्लीहेबद्दल मला अजूनही फारसं माहीत नाही, आणि तिचंही माझ्यावाचून अडलेलं नाही.

ईसीजीच्या प्रॅक्टिकलला एका मित्राला टेबलावर झोपवलं. उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्याला काळी. गार जेली लागताच तो खिदळला आणि कागदावरच्या रेषेला केस फुटले. ती स्नायूंची गडबड. भिंतीतल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण होतीच. एवढं सगळं आवरलं तरी रेष होडीसारखी वरखाली होत राहिली. "श्वास रोख," इलेक्ट्रॉनिक्सचे सर म्हणाले. आमच्या जर्नलमध्ये श्वासाची नोंद 'नॉइज' या मथळ्याखाली आहे. माझ्या अक्षरात, लाल शाईने अधोरेखित.

शरीरशास्त्राच्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या, एमबीबीएस. त्या म्हणाल्या, "रोखू नको, घे. ठोक्यांमधली अंतरं बघा रे." श्वास आत गेला की ठोके जवळजवळ येत होते, बाहेर सोडला की लांब. "तरुण, धडधाकट माणसाचं असंच असतं." सरांनी तो कागद फाडून टाकला, त्यांना सरळ रेष हवी होती.

ऑक्सिमीटरचा जन्मही असल्याच एका गडबडीतून झालेला. 1970 नंतरच्या काळात जपानमध्ये निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनीअर होते. शिरेत रंगद्रव्य सोडायचं, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवायचा आणि हृदय किती रक्त फेकतं ते मोजायचं, असा त्यांचा उद्योग चालला होता. दर ठोक्याला आलेख थरथरायचा. ती थरथर घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की रक्तातला प्राणवायू बदलला की थरथरही बदलते. मग मोजायची तीच! लाल आणि इन्फ्रारेड असे दोन दिवे घ्यायचे, त्यांच्या उजेडात ठोक्यागणिक जेवढं हलतं तेवढं धरायचं. कातडी, हाड, शिरांतलं संथ रक्त सगळं वजा. रिमोटच्या नाकाडात जो दिवा असतो तोही इन्फ्रारेडच, म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही.

आओयागी एप्रिल 2020 मध्ये गेले. त्यानंतर वर्षभरात त्यांचं यंत्र आमच्या गल्लीत घरोघरी पोचलं होतं. आमच्याकडेही.

आईला ताप होता. दर दोन तासांनी आकडा कॅलेंडरच्या मागे लिहायचा. एका पहाटे यंत्रावर आकडाच येईना, नुसत्या दोन आडव्या रेघा. मी सेल काढून पुन्हा घातले. आतली काच बनियनच्या टोकाने पुसली. दुसरं बोट, तिसरं बोट. स्वतःचं घातलं तर 97. डिप्लोमात शिकलेलं एकेक आठवत होतो, आणि आई पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती.

"अरे, हात गार पडलेत माझे," ती म्हणाली. "चोळ जरा."

चोळले. बराच वेळ चोळले. मग 93 आला.

"मिळाले का रे सेल?" बायकोने विचारलं.

"यातलेही गेलेत," मी म्हटलं, ऑक्सिमीटर पुन्हा बाटलीखाली ठेवला आणि चपला घालून खाली दुकानात गेलो.