कईलाला शौल आलाच नाही

“देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असेल, तर माणसाच्या हातात उरतं काय?” बायबलचा जुना करार शिकवायला बसलो की हे कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सटवाई असते: कपाळावर लिहून गेली, आता खोडणार कोण? मी त्याला जुन्या करारातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात, कईला नावाच्या गावी नेतो.

इस्राएलचे शत्रू पलिष्टी कईलाची खळी लुटत होते. दावीदानं गाव सोडवलं आणि तिथंच राहिला. इस्राएलचा राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला होता; तो खूश झाला. वेशीला दरवाजे नि अडसर असलेल्या गावात हा आपणहून कोंडला गेला! दावीदानं अब्याथार याजकाला एफोद, म्हणजे देवाचा कौल घेताना वापरायचं याजकाचं वस्त्र, आणायला लावलं आणि देवाला विचारलं, शौल येईल का? गावकरी मला त्याच्या हाती देतील का?

हिब्रूत उत्तरं एकेका शब्दाची आहेत. ‘येरेद’. ‘यस्गीरू’. मराठीतही तशीच उतरतात: ‘येईल.’ ‘देतील.’ कर्ता क्रियापदातच बसलेला, आणि ‘जर’ कुठेच नाही.

(गावकऱ्यांना मी कृतघ्न म्हणत नाही. दावीदाला भाकर दिली म्हणून शौलानं नोबचे ८५ याजक कापवले होते. अब्याथार तिथूनच जीव घेऊन पळालेला.)

उत्तर ऐकून दावीद कपाळाला हात लावून बसला नाही. सुमारे ६०० माणसं घेऊन वाट फुटेल तिकडे निघाला. शौलाला ते कळलं, त्यानं जाणं रद्द केलं. देवानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत, आणि देव चुकला असं कथाकाराला वाटतसुद्धा नाही. खुलासा करायलाही तो थांबत नाही. दावीद राहिला असता तर काय झालं असतं, हेही देवाच्या जाणण्यात येतं, असं मी वाचतो. म्हणून तर ते कळल्यावर निघून जाता आलं.

इस्राएली गुलामांना सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा फारो मात्र माझं गणित बिघडवतो. सुरुवातीला तो स्वतःच मन जड करतो. त्यासाठी देवानं मिसरावर आणलेल्या पीडांपैकी सहाव्या, गळवांच्या पीडेत परमेश्वर त्याचं मन कठीण करतो. आधी हट्ट, मग हट्टाची शिक्षा, असं काहीजण सोडवतात. पण त्या गुलामांना सोडवायला निघालेला मोशे मिसरात पोचण्याआधीच, ‘निर्गम’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, ‘मी त्याचं मन कठीण करीन’ असं देव सांगून मोकळा झालेला असतो. तिथं कईलाची किल्ली लागत नाही, आणि वर्गात कुणीतरी नेमकं तेच पान उघडून बसलेलं असतं.